अर्धी उघडलेली धमनी

मेंदूतली चोंदत चाललेली धमनी फुग्याने रुंद करण्याच्या उपचाराला यश आले, ते ती धमनी पूर्ण उघडण्याचा हट्ट सोडल्यानंतर. त्याआधी कित्येक वर्षे जगातले निष्णात हात ती काठोकाठ मोकळी करण्याच्या मागे होते. पडद्यावरचे चित्र सुंदर येई आणि टेबलावरचा रुग्ण काही वेळा लुळा होऊन उठे, काही वेळा उठतच नसे. मग २०२४ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले, की मुद्दाम लहान मापाचा फुगा घेतला, तो सावकाश फुगवला आणि धमनी थोडी अरुंद असतानाच हात आवरला, तर पुढच्या वर्षातले बरेच पक्षाघात टळतात. मला या साऱ्या घडामोडीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे हात आवरणे. हा उपचार कोल्हापुरात रुजायचा असेल, तर यंत्रांच्या आधी ही शिस्त इथे रुजली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कोल्हापूरचे नाव घेण्याला कारण आहे. एके काळी या भागातला अवघड रुग्ण मिरजेला नेत. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाच्या आधारावर कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या कितीतरी पिढ्या जगल्या. आता कोकणातून घाट चढून, निपाणी-संकेश्वर-चिकोडीकडून महामार्गाने, चंदगड-आजऱ्याच्या डोंगरातून लोक कोल्हापूर गाठतात. मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी कणेरी मठाच्या सिद्धगिरी रुग्णालयाचे आणि शहरातल्या काही खासगी संस्थांचे नाव दूरवर गेले आहे. हृदयाची अँजिओप्लास्टी तर इतकी नित्याची झाली आहे, की लग्नाच्या पंगतीतही तिची चौकशी होते. किती टक्के ब्लॉकेज होते, किती स्टेंट बसले, कितव्या दिवशी घरी सोडले. ‘फुगा मारला आणि मोकळं केलं’ या पाच शब्दांत ती सारी हकीकत आटोपते. या सहजपणाने हजारो जीव वाचले आहेत, ते मला पुसायचे नाही. हृदयविकाराचा तीव्र झटका चालू असताना बंद पडलेली धमनी उघडणे हा गेल्या अर्धशतकातला एक मोठा विजय आहे. भीती वाटते ती हाच आत्मविश्वास जसाच्या तसा मानेच्या वर चढेल याची.

फुग्याचा इतिहासच या भीतीला पुष्टी देतो. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जिवंत, जाग्या माणसाच्या हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. मेंदूच्या धमन्यांत फुगा मात्र त्याआधीच पोचला होता, आणि तोही उघडण्यासाठी नव्हे, बंद करण्यासाठी. मॉस्कोच्या बुर्देंको संस्थेतले फ्योदोर सेर्बिनेंको यांनी सुटा होणारा इवलासा फुगा रक्तप्रवाहात सोडून धमनीचे फुगवटे आणि चुकीच्या जोडण्या आतून बुजवण्याची पद्धत विकसित केली आणि १९७४ मध्ये तिची माहिती जगापुढे मांडली. उघडण्याचे धाडस त्यानंतरचे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या थोराल्फ संड्ट यांनी मेंदूच्या बुडाशी असलेली बॅसिलर धमनी फुग्याने रुंद केल्याचा वृत्तांत १९८० मध्ये प्रसिद्ध केला. हृदयाचा फुगा पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरला. मेंदूचा फुगा अडखळत राहिला, कारण मेंदूची धमनी त्याला वेगळ्या तऱ्हेने उत्तर देत होती.

हृदयाच्या धमनीला भोवताली स्नायूंचा आणि चरबीचा आधार असतो. कवटीत शिरलेली धमनी मेंदूभोवतीच्या द्रवात जवळजवळ उघडी तरंगते. तिची भिंत पातळ असते, बाहेरचे आवरण विरळ असते आणि बाहेरचा लवचीक पदर तिला बहुतेक ठिकाणी नसतोच. व्यास जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास. तिथे पोचण्याची वाटही सरळ नाही. मांडीतून किंवा मनगटातून शिरलेली तार मानेतून वर जाते आणि कवटीच्या हाडातली नागमोडी वळणे ओलांडून पुढे सरकते. फुगा जास्त फुगला आणि भिंत फाटली, तर रक्त मेंदूभोवती पसरते. अशा वेळी छाती उघडून बायपास करण्यासारखी पळवाट इथे नसते.

दुसरा धोका अधिक बारीक आहे आणि माझ्या मते अधिक बोधक. मेंदूच्या मोठ्या धमन्यांना बाजूने केसासारख्या शाखा फुटतात. त्या मेंदूच्या गाभ्यातल्या आणि मेंदूच्या देठातल्या भागांना रक्त देतात, आणि हाताची हालचाल, गिळणे, जागृती या गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. या शाखांना पर्यायी पुरवठा जवळपास नसतो. आतून फुगा दाबला, की धमनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर बाजूला सरकतो आणि या शाखांच्या तोंडात जाऊन बसू शकतो. रात्री उसाला पाणी पाजताना दारं धरणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. पाटातला गाळ फावड्याने जोरात कडेला लोटला, तर पाट वाहता होतो आणि सऱ्यांची तोंडे बुजतात. पाणी जोरात जाताना दिसते, पीक मात्र वाळते. मेंदूच्या अँजिओग्राफीत मोठी धमनी झळझळीत दिसते आणि रुग्णाचा हात उचलत नाही, तो प्रकार असा असतो.

हे सारे डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही विश्वास होता की धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली तर फायदा तोट्याहून मोठा ठरेल. २००५ मध्ये अमेरिकेत मेंदूच्या धमन्यांसाठी विंगस्पॅन नावाच्या स्टेंटला मर्यादित मंजुरी मिळाली. मग मार्क चिमोविट्झ आणि सहकाऱ्यांनी सॅम्प्रिस नावाचा अभ्यास हाती घेतला. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आणि नुकताच पक्षाघाताचा किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेला, असे रुग्ण निवडले. निम्म्यांना कसून औषधोपचार, निम्म्यांना तोच औषधोपचार आणि वर स्टेंट. ४५१ रुग्ण झाले आणि एप्रिल २०११ मध्ये नोंदणी थांबवावी लागली. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटच्या गटातल्या १४.७ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा मृत्यू आला होता. नुसत्या औषधांच्या गटात हे प्रमाण ५.८ टक्के होते. वर्षअखेरीचे आकडे २० आणि १२.२. हे काम नवशिक्यांचे नव्हते, अमेरिकेतल्या ५० केंद्रांचे होते.

त्या निकालातली दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. औषधांच्या गटाने संशोधकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली कामगिरी केली होती. त्या गटाला काय दिले? अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या एकत्र, नव्वद दिवस. वरचा रक्तदाब १४० च्या खाली, मधुमेह्यांत १३० च्या खाली. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली येईपर्यंत स्टॅटिन. आणि व्यायाम, वजन, तंबाखू यांवर ठरावीक काळाने बोलणारा, पाठपुरावा करणारा माणूस. यातली कोणतीही गोष्ट कोल्हापुरात मिळत नाही असे नाही. मिळत नाही ती त्यांची अखंड साखळी.

सॅम्प्रिसनंतर बरीच वर्षे कवटीतल्या धमनीला हात लावू नये, असेच मत बळावले. २०२२ मध्ये चीनमधल्या कॅसिस अभ्यासात अधिक अनुभवी हात निवडले, रुग्णही अधिक काटेकोरपणे निवडले. तेव्हा स्टेंटने नुकसान पूर्वीइतके झाले नाही, पण फायदाही दिसला नाही. मग आला बेसिस, ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला केला. चीनमधली ३१ केंद्रे, ५०१ रुग्ण, मधले वय ५८. तात्पुरता झटका येऊन नव्वद दिवस न उलटलेले किंवा पक्षाघात होऊन किमान दोन आठवडे स्थिर राहिलेले. दोन्ही गटांना कडक औषधोपचार आणि एका गटाला त्याच्या जोडीला फुगा. स्टेंट ठरवून बसवायचा नव्हता. फुगा धमनीच्या निरोगी भागापेक्षा लहान निवडलेला.

वर्षाच्या शेवटी आधी ठरवलेल्या वाईट घटनांची बेरीज फुग्याच्या गटात ४.४ टक्के आणि औषधांच्या गटात १३.५ टक्के आली. जामा या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि फुग्याचे दिवस पुन्हा आले. मीही हे आकडे आनंदाने वाचले. पण ते उलगडून पाहिल्याशिवाय त्यांच्या आधारे कोणाच्या वडिलांची धमनी उघडू नये.

त्या बेरजेत पक्षाघात आणि मृत्यू यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट धरली होती. तीस दिवसांनंतर त्याच धमनीवर पुन्हा प्रक्रिया करावी लागणे. औषधांच्या गटात ती ८.३ टक्के रुग्णांवर झाली, फुग्याच्या गटात १.२ टक्के. आता फुगा मिळाला की नाही हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. धमनी अजून अरुंद आहे हे माहीत असताना ‘उघडूनच टाकू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणजे त्या बेरजेतला एक हिस्सा शरीराने ठरवला नाही, माणसांच्या मनाने ठरवला. तो हिस्सा बाजूला ठेवून फक्त पक्षाघात आणि मृत्यू पाहू. पहिल्या तीस दिवसांत फुग्याच्या गटात ३.२ टक्के, औषधांच्या गटात १.६. तीस दिवसांनंतर वर्षापर्यंत त्याच धमनीच्या प्रदेशातला पक्षाघात ०.४ विरुद्ध ७.५. ढोबळ बेरीज केली तर साडेतीनच्या पुढे एक आकडा आणि नऊच्या पुढे दुसरा. फायदा खरा आहे. तो मथळ्यात दिसतो त्याहून लहान आहे, इतकेच. शंभर जणांवर फुगा वापरला तर पाच-सहा जणांचा पक्षाघात टळतो, असा हा हिशेब येतो. ज्याचा टळला त्याच्या घराला तो शंभर टक्के असतो, हे मला मान्य आहे.

आणि किंमत? फुग्याच्या गटातल्या १७.४ टक्के रुग्णांत प्रक्रियेदरम्यान काही ना काही गुंतागुंत झाली. १४.५ टक्क्यांत धमनीच्या आतल्या पदराला चीर गेली. पहिल्या महिन्यातले पक्षाघात-मृत्यू ३.२ टक्केच राहिले, म्हणजे त्या चिरांपैकी बहुतेक निभावून नेल्या गेल्या. निभावून नेणारे हात सरावलेले होते आणि नंतरची औषधे चुकत नव्हती. हे वाक्य मला कोल्हापूरच्या प्रत्येक कॅथलॅबच्या दारावर लावावेसे वाटते.

थोडेसे उघडून भागते कसे, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वैद्य प्वाझ्यूय याने नळीतल्या प्रवाहाचा नियम सांगितला. दाब तोच राहिला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो. त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह सोळापट. धमनी म्हणजे सरळ नळी नव्हे आणि रक्त म्हणजे पाणी नव्हे, तरी दिशा तीच राहते. तीन मिलिमीटरच्या धमनीत अर्ध्या मिलिमीटरची फट उरली असेल आणि ती दीड मिलिमीटर केली, तर मेंदूला हवे ते बहुतेक मिळून जाते. तिथून पुढे तीन मिलिमीटरपर्यंत जाण्यात रक्ताचा लाभ थोडा आणि फाटण्याचा धोका मोठा. त्या दीडावर थांबणाऱ्या डॉक्टरला मात्र नातेवाइकांना सांगावे लागते की अजून ‘चाळीस-पन्नास टक्के ब्लॉकेज’ आहे. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे आधीचे-नंतरचे फोटो मोबाइलमध्ये बाळगणाऱ्या आपल्या समाजाला हे उत्तर अपुरे वाटणार. पैसे भरलेल्या कुटुंबाचा तो दबाव डॉक्टरच्या हातावर येतो, आणि तो हात आवरलेला राहावा यासाठी कुटुंबाला आधी समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. त्याला वेळ लागतो. आपल्या ओपीडीत सर्वांत महाग वस्तू तीच आहे.

हा आजार आपला आहे, हेही इथे सांगायला हवे. गोऱ्या लोकांत पक्षाघाताचे कारण बनणारी अरुंद धमनी बहुतेक वेळा मानेत असते. चिनी, जपानी आणि भारतीयांत ती कवटीच्या आत असण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. म्हणून चीनमधला अभ्यास आपल्याला लंडन-न्यूयॉर्कच्या अभ्यासापेक्षा जवळचा. तरी तो आपला नाही. तिथल्या निवडक केंद्रांत वर्षाला होणाऱ्या प्रक्रियांची संख्या आणि आपल्या एखाद्या रुग्णालयात होणारी संख्या यांची बरोबरी होत नाही. भारतीय रुग्णांवर, भारतीय हातांनी, किती फुगे फुगवले आणि तीस दिवसांनी किती जण चालत आले, याची खुली नोंद सर्वांना वाचता येईल अशी हवी.

आता आपल्या मातीकडे येतो. करवीरच्या एखाद्या गावात कोणाचा हात अचानक जड होतो, तोंड किंचित वाकडे होते, शब्द अडखळतात. पाऊण तासात सारे पूर्ववत होते. ‘उन्हातनं आल्यामुळं झालं’, ‘गॅस झाला असंल’ म्हणत चहा घेतला जातो आणि विषय संपतो. मेंदूच्या अरुंद धमनीचा इशारा बहुधा असाच असतो, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. पुढे खरोखरच ‘वारं गेलं’, की मग धावपळ. त्यातही काही घरांत लकव्याचे औषध देणाऱ्या माणसाचा पत्ता आधी शोधला जातो. पारव्याचे मटण खाऊ घालण्याचा सल्ला अजून मिळतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचे असते. चंदगड किंवा गगनबावड्याच्या रुग्णाचे त्यातले किती तास रस्त्यावर जातात हे त्या वाटेने रुग्णवाहिकेत बसलेल्यालाच विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता.

इथे एक भेद लक्षात ठेवला तर बराच गोंधळ टळेल. धमनीत अचानक अडकलेली गुठळी तारेने बाहेर काढणे आणि हळूहळू अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करणे, या दोन्ही गोष्टी त्याच कॅथलॅबमध्ये, बहुधा त्याच हातांनी होतात. पण त्यांचा भूगोल उलटा आहे. गुठळीच्या बाबतीत मिनिटे मोजायची असतात, म्हणून ती सोय जितकी जवळ तितकी चांगली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तास उभ्या असणाऱ्या कामगाराला आणि गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला तपासणी, इंजेक्शन आणि पुढे पाठवण्याची सोय आपल्या उपविभागातच मिळायला हवी. फुग्याच्या बाबतीत घाईच करायची नसते. बेसिसमध्ये पक्षाघात झालेल्यांना किमान दोन आठवडे थांबवले होते. अशा रुग्णाला शंभर-दीडशे किलोमीटर प्रवास करता येतो. म्हणून हा उपचार थोड्या हातांत एकवटावा. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि सीमाभाग मिळून एकच केंद्र असले तरी चालेल, उलट बरेच. पाच रुग्णालयांनी वर्षाला तीन-तीन फुगे फुगवण्यापेक्षा एकाने पंधरा करावेत. अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागेल. रुग्णालयांच्या स्पर्धेत हे सांगणे लोकप्रिय होणार नाही, याची मला कल्पना आहे.

माझ्या या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला सतावतो. कोणी म्हणेल, अभ्यासातली औषधांची साखळी आपल्याकडे टिकत नाही हे तुम्हीच सांगता. मग जिथे गोळी चुकणारच आहे, तिथे एकदाच फुगा फुगवून प्रश्न मिटवणे अधिक शहाणपणाचे नाही का? दिसायला हा युक्तिवाद गरिबाच्या बाजूचा आहे. पण धमनी त्याला साथ देत नाही. फुग्याने आतला पदर दुखावतो, आणि दुखावलेल्या पदरावर गुठळी जमण्याची शक्यता वाढते. ती जमू नये म्हणून दोन गोळ्या आणखी काटेकोरपणे घ्याव्या लागतात. ज्याची गोळी चुकणार आहे, त्याच्यासाठी फुगा अधिक धोक्याचा ठरतो. शिवाय एक धमनी रुंद केली तरी ज्या रक्तदाबाने, साखरेने, तंबाखूने ती अरुंद केली ते तिथेच असतात, आणि कवटीत इतर धमन्याही असतात. फुगा हा औषधाला पर्याय होऊच शकत नाही. बेसिसमध्येही तो पर्याय नव्हता. तिथे तो औषधांवर चढवलेला मजला होता, आणि पाया दोन्ही गटांना सारखाच दिला होता.

हा पाया आपल्याकडे किती कच्चा आहे हे महाराष्ट्रातल्याच एका कामाने दाखवले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेतल्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत तो पहिला होता, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच गेले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण पक्षाघात हा शहरी, खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग अशी समजूत होती. कोल्हापूर गडचिरोलीपेक्षा संपन्न आहे. दूध, गूळ, ऊस, मटण, सारे मुबलक. तंबाखूही मुबलक. निपाणीचा तंबाखू या साऱ्या पट्ट्याच्या अर्थकारणात आहे आणि मिसरी बायकांच्या दातांवर अजून आहे. रक्तदाबाची गोळी ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून बंद करण्याची सवयही सगळीकडे आहे. गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांची तर गोळी कोणत्या गावाच्या आरोग्य केंद्रात चालू आहे, हे विचारायलाही कोणी नसते.

नुसते समजावून सांगून हे सुधारेल असेही नाही. पक्षाघात होऊन गेलेल्या भारतीय रुग्णांवर ३१ केंद्रांत स्प्रिंट इंडिया नावाचा अभ्यास झाला. ४,२९८ रुग्ण. एका गटाला मोबाइलवर संदेश, चित्रफिती, माहितीपुस्तिका. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. काही सवयी थोड्या सुधारल्या, तेवढेच. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. तो सांगतो की उपदेशाला औषध समजू नका. गोळी घरापर्यंत जावी लागते, दाब मोजणारा हात घरापर्यंत जावा लागतो. २०१७ पासून चाललेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची वाट ही आहे. साधा, सर्वांना एकसारखा औषधक्रम, मोफत गोळ्या, महिन्याचा पुरवठा जवळच्या केंद्रात आणि न आलेल्याची नावानिशी नोंद. महाराष्ट्र त्याच्या सुरुवातीच्या राज्यांत होता आणि आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग सुरुवातीच्या जिल्ह्यांत. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन गोळीचा फोटो कोणी छापत नाही, पण फुग्याला यश मिळते ते तिच्या खांद्यावर.

पैशाचा प्रवाह मात्र उलट्या दिशेने वाहतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तिने गरीब माणसाला कॅथलॅबचे दार उघडले. तिचे उपकार मोठे आहेत. पण तिची रचना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णावर केलेल्या प्रक्रियेचे पैसे देणारी आहे. रुग्ण घरी गेल्यावर बाराव्या महिन्यात त्याचा दाब किती, हे पाहण्यावर तिचा भर नाही. खासगीत तर आणखी मोकळे रान आहे. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली, ती मेंदूच्या स्टेंटला आणि फुग्यांना लागू नव्हती. जिथे मोबदला प्रक्रियेला मिळतो, तिथे प्रक्रिया वाढतात. यात कोणा डॉक्टरच्या नीतीवर शंका घेण्याची गरज नाही. व्यवस्था ज्याचे पैसे देते ते ती घडवते.

म्हणून कोल्हापुरात मेंदूचा फुगा यावा, पण काही अटींवर यावा. कोणत्या रुग्णाला फुगा द्यायचा हे फुगा फुगवणाऱ्या डॉक्टरने एकट्याने ठरवू नये. ज्याला त्या प्रक्रियेतून काही मिळत नाही अशा मेंदूविकारतज्ज्ञाचे लेखी मत त्यात असावे. निव्वळ एमआरआयमध्ये अरुंद धमनी सापडली, लक्षण काहीच नाही, अशा माणसाला फुग्याचे नावही सांगू नये, कारण वरचा एकही अभ्यास त्याच्यासाठी झालेला नाही. आपल्याकडे पूर्ण तपासणीची पॅकेजे जशी वाढत आहेत, तशी अशी घाबरलेली, धडधाकट माणसे वाढणार आहेत आणि त्यांना सर्वांत आधी वाचवायला हवे. प्रत्येक केंद्राने वर्षभरातल्या प्रक्रिया आणि तीस दिवसांतले पक्षाघात-मृत्यू जाहीर करावेत. सरकारी पैसे घेणाऱ्याला हे बंधनकारक करणे अवघड नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाने यात पुढाकार घेतला तर खासगी रुग्णालयांना मागे राहणे कठीण होईल. सार्वजनिक रुग्णालयाने खासगीला शिस्त लावण्याचा तो चांगला मार्ग आहे.

आणि शेवटची अट पैशाची. योजनेने फुग्याचे पूर्ण पैसे प्रक्रियेच्या दिवशी देऊ नयेत. एक हिस्सा नव्वदाव्या दिवसासाठी राखावा, तेव्हा दोन गोळ्यांपैकी एक बंद करायची की नाही हे तपासून ठरवावे लागते. दुसरा हिस्सा वर्ष पूर्ण होईल तेव्हासाठी राखावा. मधल्या काळात रुग्णाच्या गावातल्या आशाताईला दर महिन्याच्या भेटीचे वेगळे मानधन मिळावे आणि दाबाचा आकडा थेट रुग्णालयाला कळावा. आजऱ्याच्या किंवा चंदगडच्या रुग्णाचा बाराव्या महिन्यातला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्या रुग्णालयाच्या नोंदवहीत नसेल, तर राखून ठेवलेला हिस्सा देऊ नये.